अपडेट आलं म्हणे

आर्णीत मोबाइलच्या कुठल्याही दुकानापुढे अर्धा तास उभं राहावं आणि नुसतं ऐकावं. "काऊन बा, नेट चालूनच नाई रायलं." "नवीन व्हॉट्सॲप आलं म्हणे, माह्या फोनात उतरत नाई." "रिचार्ज वाढलं." "टावर गेला, येईन आता." नागपूर-तुळजापूर महामार्गाने माहूरला निघालेली एखादी गाडी थांबते, ड्रायव्हर खाली उतरून तेच विचारतो आणि त्यालाही तेच उत्तर मिळतं. या बोलण्यातली क्रियापदं बघा: आलं, गेलं, वाढलं, लागलं. पावसाबद्दल, पुराबद्दल, बोंडअळीबद्दल आपण जी वापरतो तीच. अरुणावतीला पूर येतो तसं फोनला अपडेट येतं.

पावसाला जाब विचारता येत नाही. अपडेट मात्र कुणीतरी आणलेलं असतं. एखाद्या खोलीत दहा-बारा माणसं बसलेली असतात. रिचार्ज किती दिवस चालावं, एक निरोप एका वेळी किती जणांना पाठवता यावा, कीबोर्डवर कुठलं अक्षर समोर आणि कुठलं आड ठेवावं, कुठल्या फोनची सोबत कधी सोडावी हे ती ठरवतात. खोली मुंबईत असेल नाहीतर कॅलिफोर्नियात. निर्णय आर्णीतल्या माणसाच्या तळहातावर पोचेपर्यंत त्यावरचं नाव पुसलं जातं आणि तो हवामानासारखा वाटायला लागतो. अशा काही निर्णयांवरची पुसलेली नावं इथे पुन्हा वाचून बघायची आहेत.

सगळ्यांत साधा निर्णय २८ दिवसांचा. वर्षाच्या ३६५ दिवसांना २८ ने भागलं की तेरा येतात आणि एक दिवस उरतो. महिने बारा, रिचार्ज तेरा. ८४ दिवसांचं मोठं रिचार्ज मारलं तरी सुटका नाही, कारण ८४ म्हणजे २८ ची तिप्पट. अशी चार रिचार्ज मिळून ३३६ दिवस भरतात आणि उरलेल्या २९ दिवसांसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. दुकानदार त्याला महिन्याचं रिचार्ज म्हणतो, घरातही महिन्याचंच धरतात. जुलै २०२४ मध्ये जिओने रोज दीड जीबी देणारं २८ दिवसांचं रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ वर नेलं, पाठोपाठ इतर खासगी कंपन्यांनीही दर वाढवले, तेव्हा त्या साठ रुपयांची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत झाली. तेरावं रिचार्ज मात्र कुणाच्या हिशेबातच येत नाही. किमतीत वाढ केली तर ती दिसते. दिवस कमी ठेवले तर दिसत नाहीत. दर ठरवणाऱ्याला हे नीट ठाऊक असतं.

पगारदाराला हे चक्र फारसं टोचणार नाही. कापसाच्या घरात टोचतं. सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागली, पहिला कापूस गेला, की जो पैसा येतो त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, मग सोसायटी, मग लग्नकार्य. जूनमध्ये पेरणी झाल्यापासून दिवाळीपर्यंत हाती रोकड अशी नसतेच, आणि नेमक्या त्याच पाच महिन्यांत २८ दिवसांचं चक्र पाच-सहा वेळा दारात येऊन उभं राहतं. रोजच्या मजुरीतून ते भागवणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. शेताला वर्षाचा हिशेब समजतो, फोनला चार आठवड्यांचा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज पूर्ण ३० दिवसांचं आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतन होणारं ठेवावं, असा तो आदेश होता. ती रिचार्ज आली. यादीत ती आजही सापडतात, पण दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदात आणि ॲपच्या पहिल्या पडद्यावर २८, ५६ आणि ८४ याच आकड्यांचं राज्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक पाऊल उचललं: ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचं आणि एसएमएसचं रिचार्ज द्या. बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे फार गरजेचं होतं. जिओने असं लांब मुदतीचं रिचार्ज आणलं, ते किती दिवसांचं? ३३६. बारा वेळा अठ्ठावीस.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. एकेकाळी लाइफटाइम सिम मिळायचं. शिल्लक शून्य असली तरी आलेला फोन उचलता यायचा, आणि आपल्याला बोलायचं असेल तर मिस कॉल द्यायचा. अर्ध्या वऱ्हाडाचा कारभार मिस कॉलवर चालला आहे: शेतात मोटर सुरू झाली, एक मिस कॉल, एसटी फाट्यावर पोचली, दोन. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने ठरावीक काळाने किमान रिचार्ज केल्याशिवाय येणारे फोनही चालू ठेवणार नाही असं ठरवलं. जिओच्या स्वस्ताईपुढे दर ग्राहकामागची कमाई घसरली होती आणि काही न भरणारी कोट्यवधी सिम त्यांना नको होती. कंपनीच्या वहीत हा निर्णय बरोबरच असेल. पण तोवर त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी यायला लागला होता, आधार त्याच नंबराला जोडलेलं होतं. रिचार्ज नाही म्हणून निरोप नाही, निरोप नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून अनुदानाची केवायसी अडली, असा धागा सुरू होतो. नव्वद दिवस वापरच झाला नाही तर नंबर बंद करता येतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. माणसाची ओळख ज्या नंबरावर टांगली, त्या नंबराची मुदत कंपनीच्या हातात राहिली.

पैशाच्या निर्णयापेक्षा मला अक्षराचा निर्णय जास्त लागतो.

आर्णी हे नाव फोनवर लिहा. आ, र, र चा पाय मोडला, मग णी; रफार आपोआप णीच्या डोक्यावर जाऊन बसतो. आता आर्णी ज्या मुलखात आहे त्याचं नाव त्याच रीतीने लिहा. व, र, पाय मोडला, हा, ड. पडद्यावर उमटतं 'वर्हाड'. आपल्याला हवं होतं 'वऱ्हाड'. मराठीला अर्धा र दोन तऱ्हांनी लागतो: एक डोक्यावरचा रफार, दुसरा ओळीतच राहणारा, आडव्या चंद्रकोरीसारखा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या घळी. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते, आचाऱ्यांना मजुरी. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. हिंदीला मात्र हा दुसरा अर्धा र लागत नाही.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि जगभर सगळ्यांनी तोच पाळावा लागतो, नाहीतर यवतमाळला टाइप केलेलं पत्र पुण्यात उघडलं की खिचडी दिसते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटच्या काळात हे रोज घडायचं, कारण प्रत्येक फाँटवाल्याचे आकडे वेगळे. भारत सरकारच्या पुढाकाराने १९८८ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सामायिक पद्धत ठरली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. तिच्या मतदार सदस्यांत मुख्यतः मोठ्या संगणक कंपन्या. तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. त्या मांडणीचा नियम असा: र चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं की रफार. ऱ ला, म्हणजे खाली टिंब असलेल्या र ला, वेगळा क्रमांक मिळाला, पण तो दक्षिणेकडच्या भाषांमधला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीचा चंद्रकोरी र त्याच ऱ चा पाय मोडून काढायचा, अशी तळटीप त्याला जोडलेली आहे. म्हणजे घर मिळालं, पण दुसऱ्याच्या नावावर.

क्रमांक असला तरी कीबोर्डवर अक्षर कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच, आणि तो युनिकोडचा नसून कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा आहे. बऱ्याच फोनवर ऱ समोर दिसत नाही. र दाबून धरला की वर एक छोटी पट्टी उघडते, तिच्यात तो बसलेला असतो. ज्याला हे कुणी सांगितलं नाही तो आयुष्यभर 'शेतकर्यांना' लिहितो. पिकविम्याच्या निरोपात, बाजार समितीच्या सूचनेत, शाळेच्या ग्रुपवर, लग्नपत्रिकेत हाच शब्द तुम्ही हजारदा पाहिला असेल. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. त्याला येतं. त्याच्या अंगठ्याखालच्या फळीवर ते अक्षर कुणी मांडलं नाही.

याचा परिणाम दिसण्यापुरता राहत नाही. यंत्राच्या लेखी 'शेतकर्यांना' आणि 'शेतकऱ्यांना' हे दोन निराळे शब्द आहेत. ज्या संकेतस्थळाचा शोध काळजीपूर्वक घडवलेला नाही तिथे एक टाकला तर दुसरा सापडत नाही. ॲ ची कथा त्याहून चमत्कारिक आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ उजाडलं. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते. डोळ्यांना दोन्ही 'ॲप' सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. शब्द बरोबर लिहूनही शोध रिकामा आला तर माणूस स्वतःलाच दोष देतो.

आपल्याकडची एक पिढी मराठी रोमन अक्षरांत का लिहिते, याचंही कारण अशाच एका निर्णयात आहे. एसएमएसची लांबी १९८० च्या दशकात युरोपातल्या अभियंत्यांनी ठरवली: रोमन अक्षरं १६०. देवनागरीसाठी जी पद्धत वापरावी लागते तिच्यात तोच एसएमएस ७० खुणांत संपतो, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची प्रत्येकी एक खूण मोजली जाते. 'शेतकऱ्यांना' या एका शब्दाला अकरा खुणा लागतात. असे सहा शब्द लिहिले की निरोप संपला, पुढे दुसऱ्या एसएमएसचे पैसे. शिवाय सुरुवातीच्या कित्येक फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मग लोकांनी आपली भाषा परक्या अक्षरांत घातली. ती सवय नेट स्वस्त झाल्यावरही गेली नाही. मराठीची पोरं मराठी लिहीत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी या ७० च्या आकड्याकडे एकदा बघावं.

चांगलंही सांगायला हवं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करण्याची सोय दिली आणि ज्यांच्या बोटांना कीबोर्ड कधी जमला नव्हता ती माणसं लिहिती झाली. तोही एक निर्णयच होता. नंतरच्या कीबोर्डांच्या शब्दसंग्रहात 'शेतकऱ्यांना' नीट यायला लागलं, हाही.

आता ज्या निर्णयाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली त्याकडे येतो. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा कित्येक दिवस फोनवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, जमावाने ठार मारली. आर्णीच्या बाजारातही पिढ्यानपिढ्या असे भिक्षेकरी येतात. बाबा कंबलपोशांच्या उरुसात तर कुठकुठून फकीर, गोसावी, खेळवाले येऊन राहतात. अनोळखी माणूस दारात आला की त्याला पीठ द्यायचं, गाव विचारायचं, ही आपली रीत. त्या उन्हाळ्यात देशभर त्या रीतीवर फोनवरच्या एका-दोन मिनिटांच्या व्हिडिओंनी मात केली. त्यातला एक फार फिरलेला व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. मोटारसायकलवाला मूल उचलतो, आणि शेवटी परत आणून सोडतो व सावध करणारा फलक दाखवतो. शेवट कापून उरलेलं तेवढं फिरवलं गेलं.

खोटं बोलणं कंपनीने शिकवलं नाही, जमावाचा हात कंपनीने उचलला नाही. पण अफवेला पाय कुणी दिले हे विचारायलाच हवं. फोटोच्या किंवा व्हिडिओच्या शेजारी एक छोटा बाण होता. एकदा दाबला की तो निरोप शेकडो जणांना आणि ग्रुपांना एका दमात पाठवता यायचा. तो बाण तिथे असणं, इतका जवळ असणं, हे कुणीतरी आखलेलं होतं. आणि ग्रुपमध्ये आलेल्या निरोपाला घरच्या माणसाचा आवाज चिकटतो. वर्तमानपत्रातली बातमी परक्याची. मामाने पाठवलेला व्हिडिओ मामाचा.

आर्णी तालुक्याच्या बाबतीत या जागी दुसरी एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च २०१४ रोजी याच तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदी, तेव्हाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार, शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' करायला आले होते आणि ती चर्चा देशात ठिकठिकाणी पडद्यांवर दाखवली गेली. बोलणारा एक, ऐकणारे हजारो, आणि बोलणाऱ्याचं नाव प्रत्येकाला ठाऊक. त्याच्या आदल्याच महिन्यात फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचा करार जाहीर केला होता, सुमारे १९ अब्ज डॉलरचा. दाभडीत त्याची चर्चा झाली असण्याचं कारण नव्हतं. पण पुढच्या चार वर्षांत, विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, निरोप पोचवण्याची रीत त्या दुसऱ्या घटनेने बदलली: बोलणारे हजारो, ऐकणारे हजारो, आणि पहिलं वाक्य कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने तीन बदल केले. दुसरीकडून आलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' अशी खूण यायला लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. शेजारचा तो बाण काढून टाकला. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवा फिरत असताना, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने सांगितलं की असे निरोप ७० टक्क्यांनी घटले. निरोप तर कुलूपबंद असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत. मग फार फिरलेला कोणता हे कळतं कसं? निरोपाबरोबरच एक मोजणी कुलपात बंद होऊन प्रवास करते. प्रत्येक हातात ती एकने वाढते, आणि पाचावर पोचली की तुमचाच फोन दोन बाणांची खूण दाखवतो. आत काय आहे हे न बघता, किती हात बदलले एवढंच मोजलं.

हा उपाय साधा होता आणि चालला. म्हणूनच तो मला अस्वस्थ करतो. बाण आधीच तिथे नसता तर? आकडा आधीच पाच असता तर? २०१८ च्या त्या महिन्यांत माणसांच्या स्वभावात काहीच बदललं नाही, एक आकडा बदलला. राईनपाड्याआधी तो बदलता येत नव्हता असं कुठलंही तांत्रिक कारण नाही.

लोकांनी 'नको' म्हटलं आणि निर्णय मागे घ्यावा लागला, असंही एकदा घडलं आहे, आणि त्यात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं नाव पुढे केलं गेलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह काही राज्यांत एक सेवा सुरू केली. पुढे तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. नेट फुकट, पण फेसबुकने निवडलेल्या संकेतस्थळांपुरतं. बाकीच्या इंटरनेटला पैसे. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहून तिची बाजू मांडली. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता, जो या सेवेवर हवामान आणि बाजारभाव बघतो.

समजा आर्णीच्या बाजार समितीत एका कंपनीने सांगितलं की आमच्या फाटकातून आलात तर गाडीचं भाडं आम्ही देऊ, मात्र आत आम्ही निवडलेले चारच अडते भेटतील. बाकीच्यांकडे जायचं तर भाडं तुमचं. गरजू माणूस त्याच फाटकातून जाणार. काही वर्षांनी त्याला बाजार म्हणजे हे चारच अडते असं वाटायला लागेल, आणि पाचव्याने दुकान मांडायचं तर कंपनीच्या दारात उभं राहावं लागेल. भाव कुणी चांगला देत होता हे त्याला कळणारच नाही. इंटरनेटवर सगळ्या वाटांना एकच टोल असावा, हे जे नेट न्यूट्रॅलिटी नावाचं तत्त्व आहे, ते एवढंच सांगतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले. फेसबुकनेही वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली, आणि तीन-चार दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेलं. त्यानंतर सात महिन्यांत स्वस्त नेट आलं, सगळ्या वाटा उघड्या असलेलं. शेतकऱ्याला हवामान बघायला मिळायचं असेल तर त्याने अर्धंच इंटरनेट घ्यावं, ही अट तेवढ्यात खोटी ठरली.

जिओफोनच्या बाबतीत मात्र कुणी कुणाला काही विचारलं नाही. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन तो बाजारात आला, २०१८ च्या सप्टेंबरात त्यावर व्हॉट्सॲप सुरू झालं, आणि ज्या घरात मोठा फोन परवडत नव्हता तिथली माणसंही ग्रुपमध्ये आली. जून २०२४ पासून त्यावर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेता येईना, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते चालायचंही थांबलं. हा फोन कायओएस नावाच्या प्रणालीवर चालतो. ती वापरणारे घटत गेले आणि त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती सांभाळणं व्हॉट्सॲपने थांबवलं. फोन मोडला नव्हता. बॅटरी ठीक, बटणं ठीक, आवाज ठीक. आतबट्ट्याच्या हिशेबात त्याचा मालक मोडीत निघाला.

अँड्रॉइड फोनवर हेच हळूहळू घडतं. स्वस्त फोनला दोनेक वर्षांनी नवी आवृत्ती मिळणं थांबतं, ॲप बनवणारे जुन्या आवृत्त्या सोडत जातात, आणि एके दिवशी 'हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही' असा निरोप येतो. नुसतं गप्पांचं ॲप असतं तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२१ पासून सातबारावर पीक लावायचं तर 'ई-पीक पाहणी' ॲप लागतं. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागली, मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल भाव असलेला तो कापूस. सरकारी ॲपसुद्धा गूगलच्या प्ले स्टोअरमधून यावं लागतं आणि गूगलच्या अँड्रॉइडवर चालावं लागतं. एकरभर कापूस हमीभावाने जाणार की खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने, याची एक गाठ अशा रीतीने फोनच्या वयाशी बांधली गेली. ज्याच्याकडे चालणारा फोन नाही तो दुसऱ्याच्या फोनवरून नोंदणी करतो, दुसऱ्याच्या नंबरावर ओटीपी मागवतो, आणि तो दुसरा कोण आहे यावर पुढचं सगळं.

आर्णीच्या आसपासच्या बंजारा तांड्यांवर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. तिथे घरात गोरमाटी बोलतात. २०११ च्या जनगणनेत ही बोली ३२ लाखांहून जास्त लोकांनी आपली सांगितली, पण मोजली गेली ती हिंदीखाली. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात लिहायची तर देवनागरीत लिहितात. २७ जून २०२४ रोजी गूगलने भाषांतरासाठी एकदम ११० भाषा वाढवल्या. त्यात अवधी, मारवाडी, संताली, तुळू आल्या. गोरमाटी नाही, गोंडी नाही, कोलामी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या तिन्ही घरच्या भाषा यादीबाहेर.

आणि तरी तांड्यावरची म्हातारी फोनवर तासन्‌तास असते. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉट्सॲपने माइकचं एक बटण दिलं: दाबून धरा, बोला, सोडा. ते देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गोरमाटी नव्हती हे नक्की. पण त्या एका बटणाला अक्षर लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, ऱ कुठे दडला आहे ते शोधावं लागत नाही. २०२२ मध्ये जगभरातून रोज ७ अब्ज असे आवाजी निरोप जात होते. कामाला पुण्याला, हैदराबादला गेलेल्या पोराला इकडची खबर त्यातूनच कळते: गाय व्याली, विहिरीला किती पाणी आहे, कुणाकडे पाव्हणे येऊन गेले. अलीकडे असा निरोप लिहून दाखवण्याचीही सोय आली आहे, निवडक भाषांत. म्हातारीचा निरोप त्या सोयीला कळत नाही. पोरगा बांधकामावर दुपारच्या सुट्टीत विटांच्या थप्पीला टेकून बसतो, फोन कानाशी धरतो आणि तो दोनदा ऐकतो.